खड्ड्याकडे निघालेली तूरडाळ

"उद्या सकाळी ऐंशी पिशव्या द्यायच्या आहेत आणि डाळीचा दाणा नाही," विजयाकाकू फोन खाली ठेवत म्हणाल्या.

बोईसरमधल्या एका जुन्या गाळ्यात त्या अन्नपेढी चालवत. दुकानं, कॅन्टीन, गोदामं... जिथे चांगलं धान्य पडून असेल तिथून त्या ते आणत, निवडत आणि गरज असेल तिथे पोचवत. गेली अकरा वर्षं हे चाललं होतं. सुट्टीत चारुता, तिचा धाकटा भाऊ ललित आणि चारुताच्या वर्गातली मोनाली तिथे मदतीला येत. उद्याच्या पिशव्या मोनालीच्याच पाड्यासाठी होत्या. तिथली माणसं वीटभट्टीवरून नुकतीच परतली होती आणि घराघरांत पातळ पेजेवर दिवस निघत होते.

दुपारी तिघं सायकलींवरून रिकामे डबे आणायला निघाली. दांडी गावाच्या रस्त्यावर मोनालीने एकदम ब्रेक दाबला.

"हे बघा, तूरडाळ."

रस्त्यावर पिवळ्या दाण्यांची बारीक रेघ पडली होती. तिने चार दाणे उचलून चावले. "कीड नाही, कुबट वास नाही. कुणाची सांडतेय एवढी?"

"उंदरांची मिरवणूक गेली असेल," ललित म्हणाला.

"मग चल, मिरवणुकीत सामील होऊ," म्हणत चारुताने सायकल वळवली.

रेघ खाडीजवळच्या माळावर संपली. तिथे एक टेम्पो उभा होता. शेजारी जेसीबीने खोल खड्डा खणला होता आणि टेम्पोतून पोती उतरत होती. एका फाटक्या पोत्यातून डाळीची सीलबंद पाकिटं डोकावत होती आणि त्यातल्या एका फुटलेल्या पाकिटातून दाणे गळत होते.

"काका, ही डाळ पुरताय?" मोनालीने विचारलं.

गोदामाचे सुपरवायझर दिग्विजय मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "मुदत संपलीय. बाजूला व्हा." मग त्यांनी जेसीबीवाल्या मिथुनला हाक मारली, "चलो भाई, शुरू करो."

जेसीबी घरघरली. मोनाली धावत जाऊन पोत्यांवर बसली. "थांबा भैया, मैं उतरनेवाली नहीं."

मिथुनने इंजिन बंद केलं.

दिग्विजय वैतागले. आता ओरडा बसणार हे ओळखून चारुता पुढे झाली. तिने वही उघडून पेन त्यांच्या हातात दिलं आणि नम्रपणे म्हणाली, "काका, आमचा सुट्टीतला प्रकल्प आहे, वाया जाणाऱ्या अन्नावर. मुदत कोणत्या तारखेला संपली एवढं लिहून खाली सही कराल? मग आम्ही जातो."

"एवढंच ना?" त्यांनी एक पाकीट उचललं. "लिही... नाही, मीच लिहितो. बारा जानेवारी."

"ती पॅकिंगची तारीख आहे," ललित त्यांच्या कोपराखालून वाकून म्हणाला. "त्याच्या खालची ओळ वाचा ना."

दिग्विजयनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं. "पॅकिंगपासून नऊ महिने..." त्यांनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे ऑक्टोबरपर्यंत चांगली आहे. मी फक्त वरचा आकडा पाहिला." त्यांनी हळूच वही मिटून परत दिली.

मिथुन हसत खाली उतरला आणि न सांगता पोती परत टेम्पोत चढवू लागला. मोनालीने दिग्विजयना अन्नपेढीबद्दल सांगितलं. त्यांनी तिथूनच मालकांना फोन लावून चूक कबूल केली आणि अन्नपेढीचंही सांगितलं. "सगळी पोती अन्नपेढीत नेऊन टाका," मालकांनी सांगितलं.

संध्याकाळी विजयाकाकूंनी प्रत्येक पोतं उघडून पाहिलं, मूठभर डाळ शिजवून चाखली आणि मगच पिशव्या भरायला घेतल्या. "अकरा वर्षं मी डाळ मागत फिरले," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी डाळीचा माग काढणारी तुम्हीच पहिली. आणि मोनाली, तू बसली नसतीस तर सगळं मातीत गेलं असतं."

दुसऱ्या दिवशी पाड्यावर पिशव्या वाटून झाल्या. निघताना मोनालीच्या आजीने, ठकीआजीने, वाट अडवली.

"पोरांनो, तुमी लय चांगला काम केला. जेवल्याबिगर जायाचा नाय."

ललित चारुताच्या कानात पुटपुटला, "पण ताई, ती डाळ त्यांच्यासाठी आहे ना?"

विजयाकाकूंनी ऐकलंच. "त्यांची आहे म्हणून तर त्या वाढतायत," त्या म्हणाल्या. "बस पानावर."

सगळी सारवलेल्या ओट्यावर बसली. गरम भातावर ठकीआजीने वाफाळतं वरण ओतलं. पहिला घास घेतल्यावर ललितला बोलायला फुरसतच राहिली नाही. त्याने वाटी पुढे केली, तेव्हा आजी तोंडाला पदर लावून हसली आणि तिने ती काठोकाठ भरली.