मिरानच्या आईची खुर्ची

"ताई, तू लग्नाला नाही आलीस तर... चालेल ना?"

गुमजूचा डाव पातेल्यातच थांबला. मिरानचा वाढदिवस, म्हणून सकाळी उठून तिनं समुद्री शेवाळाचं सूप केलं होतं, आई करायची तसं, वर गोमांसाचे बारीक तुकडे घालून... आणि ज्या पोरीला आईच्या माघारी तिनं पाठुंगळी घेऊन वाढवलं, तीच पोर आज त्याच सुपात चमचा बुडवून, मान खाली घालून, हे विचारत होती!

"का गं? मी काय पंगतीत शिंतोडे उडवणार आहे?"

"तसं नाही गं ताई... पण जेहॉनची आई म्हणते, आईबापाविना वाढलेल्या मुलीला वळण नसतं. म्हणून मी... मी सांगून बसलेय की आई आहे. गावाकडे असते."

"आणि लग्नात खुर्चीत कोण बसणार? आईचं भूत?"

मिराननं ओठ चावला. "एक बाई ठरवलीय. ह्योनबाई. सासरच्यांना भेटूनही गेली ती. छान बोलली, रडलीसुद्धा."

थू! सोलमध्ये असल्या दुकानदाऱ्यांचा सुळसुळाट झालाय. लग्नाला पाहुणे कमी पडले, पाहुणे घ्या. काका नाही, काका घ्या. आई मेली, आईपण घ्या, आणि वर मोती टाचलेला पोशाख त्यांचाच! आणि आपली शिकली-सवरलेली, फार्मसिस्ट झालेली मिरान त्या दुकानात जाऊन आई पसंत करून आली होती, चपला पसंत कराव्यात तशी!

गुमजूला हसावं की रडावं कळेना. ही तीच मिरान ना, जिच्या दुधा-दप्तरासाठी ती देगू शहरातल्या स्केटिंग हॉलच्या काचेच्या खोक्यात बसून गाण्यांच्या तबकड्या लावत होती? पोरं चाकांचे बूट घालून गरगर फिरायची, आणि ही पोर त्या खोक्यात टेबलाखाली गृहपाठ करायची. मग हॉटेलांच्या तळघरांतले नाइटक्लब, दारुड्यांच्या शिव्या. मग हायवेवरच्या थांब्यांवर ट्रकवाले घेतात त्या कॅसेटींची ढिंच्याक गाणी गुमजूनं केली, नाव छापलं भलत्याचंच. पुढे तिनं स्वतःची यंत्रं जमवली, स्वतःचं संगीत रचलं, आणि बर्लिनच्या मोठ्या क्लबानं बोलावलं, इथेच राहा, दर आठवड्याला वाजवा! त्याच वर्षी मिरानची विद्यापीठाची परीक्षा. गुमजू गेली नाही. पोरीला डबा कोण देणार? नाव झालं ते फार उशिरा, केस पिकायला लागल्यावर. आता तिच्या वाजवण्याला दहा-दहा हजार माणसं नाचतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात... आणि सख्ख्या बहिणीला तिच्या हातावरच्या गोंदणाची लाज!

"नाकापेक्षा मोती जड झालाय तुझा," गुमजू म्हणाली. पण मिरानच्या डोळ्यांतून टपटप पाणी सुपात पडायला लागलं, आणि गुमजूचं काळीज... छे, ते काळीज कसलं, लोणी! "रडू नकोस. ताई म्हणून नाही येत मी. हॉलच्या मालकाची माझी जुनी ओळख आहे. बाजेवाली म्हणून येते. काचेच्या खोक्यात बसेन. कुणाच्या दृष्टीस नाही पडायची."

"ताई..."

"खा. गार होतंय."

देगूचा तो लग्नाचा हॉल म्हणजे निव्वळ कारखाना! एक नवरी मागच्या दारानं बाहेर, दुसरी पुढच्या दारानं आत. प्लास्टिकची फुलं तीच, तळमजल्यावरचं जेवण तेच, आणि मुख्याध्यापकांच्या घराण्याच्या बाता मारणाऱ्या विहीणबाई निळ्या रेशमी पोशाखात दारात उभ्या राहून येणाऱ्याच्या आहेराच्या पाकिटाची जाडी बोटांनी चाचपत होत्या. गुमजू मागच्या खोक्यातून बघत होती आणि मनातल्या मनात त्यांच्या घराण्याची उत्तरपूजा करत होती. नवरदेव जेहॉन तर काय, आईनं भांग पाडून उभा केलेला खांब!

मुहूर्त टळला तरी कुणी खूण करेना. गुमजू गळ्यातला हेडफोन तसाच ठेवून नवरीच्या खोलीपाशी गेली, तर आतून आरडाओरडा.

"माझ्या बहिणीनं ओळखलं हिला!" विहीणबाईंनी ह्योनबाईकडे बोट रोखलं होतं. "मागच्या महिन्यात गुमी गावातल्या एका लग्नात हीच बया दुसऱ्याच मुलीची आई होऊन रडत होती! भाडोत्री आई! आमची ही विटंबना?"

ह्योनबाई गुलाबी पोशाखात भिंतीला टेकून उभी. मिरान सोफ्यावर, पांढऱ्याशुभ्र झग्यात, चेहरा झग्याहून पांढरा. तिनं दारात ताईला पाहिलं आणि डोळ्यांनीच विनवलं... बोलू नकोस!

गुमजू बोलली.

"तिच्या आईला जाऊन जमाना झाला. मी थोरली बहीण. क्लबांत वाजवते. माझ्यासारखीची बहीण तुम्ही करून घेणार नाही, म्हणून ही बाई मी आणली. मिरान नको म्हणत होती." धडधडीत खोटं, पण आवाज कसा स्थिर! "मुलगी निर्मळ आहे. तिला पदरात घ्या. मी आजपासून तिची कुणी नाही. पुन्हा तोंड दाखवणार नाही."

गुमजूला वाटलं, आता तरी ही बाई द्रवेल. मिरानला वाटलं, लग्न मोडलं. आणि विहीणबाईंनी काय करावं? त्यांनी घड्याळ पाहिलं!

"पाहुणे बसलेत," त्या म्हणाल्या. "चर्चची मंडळी आलीत. आमच्या माणसांत वाच्यता नको. तू जा तुझ्या खोक्यात, बाजा वाजव आणि तशीच निघून जा. आणि तू गं, काय नाव तुझं, डोळे पूस. खुर्चीत बस. रडायचं जरा बेतानं!"

वा रे कुलीन! खोटी आई चालते, खरी बहीण विटाळते! गुमजूनं मिरानकडे पाहिलं. मिराननं तोंड फिरवलं. एक शब्द... एक शब्द तरी बोलायचा होतास गं, पोरी! गुमजू पाठ फिरवून निघून गेली.

मेणबत्त्या लागल्या. नवरी एकटीच चालत आली. गुमजूच्या बोटांनी लग्नाची धून लावली, डोळ्यांपुढे सारं धूसर झालं होतं, आणि तरी धून एका ठोक्यानंही ढळली नाही. सूत्रसंचालक गोड गळ्यानं म्हणाला, "आता वधूवर, जिनं वधूला लहानाचं मोठं केलं त्या मातेला वंदन करतील."

ह्योनबाईनं रुमाल डोळ्यांना लावला. मिरान खुर्चीसमोर उभी राहिली. उभीच राहिली. मग ती वळली, खुर्चीकडे पाठ, पाहुण्यांकडे तोंड, झग्याचा घोळ दोन्ही हातांनी गोळा केला, आणि हॉलच्या टोकाला असलेल्या त्या काचेच्या खोक्याकडे बघत तिनं दोन्ही गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं.

"पडली, पडली!" कुणीतरी ओरडलं.

"पडले नाही!" मिरान जमिनीवरूनच आक्रंदली. "ही माझी आई नाही! ही बाई मी आणली, मी! माझी ताई त्या खोक्यात आहे. तिनं मला वाढवलं, आणि मी... मी तिला येऊ नको म्हटलं! ताई, ये गं... ये ना!"

धून चालूच होती. गुमजूनं ती बंद केली.

जेहॉन आईकडे बघत होता. आईनं डोळे वटारले. पण देवाला ठाऊक खांबात कुठून बळ आलं, मिरानच्या शेजारी तोही गुडघ्यांवर बसला. उशिरा, पण बसला.

गुमजू खोक्याबाहेर आली. काळा शर्ट, गोंदलेले हात, मळके बूट. दोन्ही बाजूंनी कुजबुज, नाकं मुरडणं, 'कोण ही? क्लबातली?' तिला कुठली लाज आता! तिची नजर फक्त त्या पांढऱ्या झग्यावर. ह्योनबाई आपणहून उठली, खुर्ची हातानं झटकली, आणि बाजूला झाली.

गुमजूनं आधी मिरानला उठवलं, छातीशी धरलं. दोघींचे हुंदके एकमेकींत मिसळले. "वेडाबाई," ती एवढंच म्हणू शकली. "रंग सगळा उतरला तोंडावरचा..."

पलीकडच्या खुर्चीतून विहीणबाई दातओठ खात पुटपुटल्या, "बाजेवाली! मुलीच्या आईच्या जागी बाजेवाली!"

"हो, विहीणबाई," गुमजू म्हणाली, आणि मिरानच्या आईच्या खुर्चीत नीट टेकून बसली.