दोन आखूड, एक लांब

तारमास्तर त्या सकाळी डोंगरावरच्या रानात गेले, ते अंगठ्याएवढा एक पक्षी ओळखायला. पर्णवटवट्यांपैकी ही एक जात. हा हिवाळी पाहुणा त्याच्या भावंड-जातींशेजारी बसवला तरी डोळ्यांना फरक कळत नाही. ओळखायचा तो हाकेवरून. आणि नेमकी तेवढी बारीक हाक मास्तरांच्या कानांना कित्येक वर्षांत ऐकू आली नव्हती.

बायको होती तोवर तिचे कान होते. ती हाक ऐकायची आणि मास्तरांच्या मनगटावर बोटाने तारेच्या भाषेत, आखूड-लांब ठोक्यांनी, वाजवून दाखवायची. तिची अंगठी त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्यावर टकटक वाजे.

अकरा वर्षांपूर्वी याच ओढ्याकाठी तिने दोन आखूड, एक लांब अशी हाक टिपली होती. हा पक्षी इथे पूर्वी कुणालाच सापडला नव्हता. पक्षिमंडळाला दोन साक्षीदार लागत. मास्तरांनी इमानेइतबारे लिहून दिलं, ‘मला ऐकू आलं नाही.’ नोंद बाद झाली. बायकोने दोन दिवस अबोला धरला, मग हसून सोडून दिलं. पण ती गेली तेव्हाही नोंद बादच होती, आणि ते मास्तरांच्या मनाला खात होतं.

म्हणून यंदा त्यांनी रेकॉर्डर आणला होता. सोबत आलेल्या मुलीचा पाय आदल्या दिवशी मुरगळला, त्यामुळे ती विश्रामगृहातच पडून होती.

“ओढ्याच्या पुढे जाऊ नका हं बाबा.”

“अगदी आईवर गेलीयस,” मास्तर म्हणाले आणि निघाले.

ओढ्याकाठी धुकं दाटलं होतं. कुजक्या पानांचा ओला वास येत होता. मास्तर रेकॉर्डर सुरू करून दगडावर बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग पाण्याची खळखळही दूर गेल्यासारखी वाटली, आणि त्यांच्या डाव्या मनगटाला काहीतरी गार लागलं.

टक, टक... आणि मग एक लांब.

मास्तरांनी मान वळवली नाही. वळवली तर थांबेल, याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

“कुठे?” त्यांनी हळूच विचारलं.

मनगट अलगद डावीकडे वळवलं गेलं. तिकडच्या फांदीवर एक पान हललं, आणि ते पान नव्हतं.

“तेव्हा चुकलंच माझं...” मास्तर म्हणाले. “तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता गं.”

मनगटावर फक्त थोपटल्यासारखं झालं, जरा वेळ.

ते परतले तेव्हा मुलगी पांघरूण घेऊन खाटेवरच होती. तिने हेडफोन लावला आणि तिचा चेहरा उजळला.

“बाबा, तोच आहे. आईचाच.”

“मग फॉर्म भर. पहिली साक्षीदार तुझी आई, दुसरा मी. लिही, मलाही कळलं.”

ती ऐकत राहिली. हळूहळू तिच्या कपाळावर आठी पडली.

“प्रत्येक हाकेनंतर काहीतरी वाजतंय... घड्याळावर अंगठी वाजावी तसं.”

“माझ्याकडे कुठली अंगठी? ती तर तुझ्याकडे.”

आई गेल्यापासून ती अंगठी मुलीच्या बोटात होती. इतकी घट्ट, की साबण लावूनही निघत नसे. सकाळपासून तिने खाटेवरून पाय खाली ठेवला नव्हता.

तिने पांघरुणातून हात बाहेर काढला. अंगठी बर्फासारखी गार होती, आणि तिच्या नक्षीत ओढ्याकाठचं हिरवं, ओलं शेवाळ अडकलं होतं.