कंपाउंडरांची बत्तिसावी चाल

पटत नसेल तर सोडून द्या, पण यातला एक शब्दही पदरचा नाही.

मागच्या वर्षीची साठीपुढच्यांची बुद्धिबळ स्पर्धा. शेवटची फेरी, दुपारचे साडेतीन.

समोर कंपाउंडर. दवाखान्यात औषधं देण्यात हयात गेली, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणायचे.

एकोणीस वर्षांत मी या माणसाला एकदाही हरवलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र त्यांचा हत्ती मी फुकटात मारला होता. बत्तिसावी चाल खेळलो आणि त्यांचं घड्याळ सुरू केलं. त्यांनी माझी चाल लिहून घेतली.

"आलोच, तोंडावर पाणी मारून."

गेले...

दहा मिनिटं झाली. मग वीस. मी नुसता चरफडत होतो. हरायची वेळ आली तर हा गृहस्थ पळाला? मला त्यांच्या तोंडून "हरलो" ऐकायचं होतं. बाकी काही नको होतं.

त्यांचा चालींचा कागद समोरच होता. बत्तिसाव्या ओळीत माझी चाल, त्यांची जागा कोरी.

तेवढ्यात... पेन खरडल्याचा आवाज आला. अगदी जवळून.

आजूबाजूला कुणीच लिहीत नव्हतं.

त्यांची वेळ संपली. पंचांनी मला विजयी ठरवलं, आणि मागच्या जिन्यावरून ओरडा झाला.

कंपाउंडर तिथं पडले होते. डॉक्टर म्हणाले, "जिना उतरतानाच गेले असणार."

पंचांनी त्यांचा कागद उचलला.

"ही चाल त्यांनी कधी लिहिली?"

कोरी जागा भरलेली होती. औषधाच्या बाटल्यांवर असायचं तसंच बारीक, उभं अक्षर. घोडा एफ चार.

हात लावून पाहिला, तर ओली शाई माझ्या बोटाला लागली.

आधी खेळायचं, मग लिहायचं, हा आमचा नियम. पटावर घोडा तर जागचा हललाही नव्हता.

घरी पट मांडला. त्या चालीला उत्तरच सापडेना. माझा वजीर अडकत होता.

आठ महिने डोकं फोडलं. बायको वैतागली. "अहो, जिंकलात ना? सोडा की आता त्यांना."

तिला काय सांगणार, कप्पाळ?

मागच्या मंगळवारी उत्तर सापडलं. बायको बहिणीकडे गेलेली, घरात मी एकटा. चाल खेळलो आणि पाणी प्यायला उठलो.

परत आलो तर... त्यांचा उंट दोन घरं तिरका पुढे सरकला होता.

तेव्हापासून रोज एक चाल होते. पट उचलून ठेवावा असं रोज वाटतं. पण डाव मधेच सोडला तर पुन्हा मीच हरलो, नाही का?

तसाही आता दोन चालींत शह-मात आहे...

मला.