भुवया गुडघ्यापर्यंत का येत नाहीत?

माणसानं भुवया कधीच कापल्या नाहीत, तर त्या कुठपर्यंत वाढतील?

हा प्रश्न जुईला स्वतःहून पडला नव्हता; तो तिच्या दारात येऊन उभा राहिला होता. एका हातात केस कापायचं मशीन, दुसऱ्या हातात पांढरा कपडा आणि पोटावरच्या पडद्यावर हिरवं हसू. हा दक्ष. नेत्रज्वराच्या साथीमुळे गावातली सगळी सलून तीन महिने बंद होती, म्हणून नीलमोहर सोसायटीनं हा यंत्रमानव भाड्यानं आणला होता.

सलून बंद झाली आणि सोसायटीत बरंच काही उघडं पडलं. कुणाचे सरळ केस मुळात कुरळे निघाले. तळमजल्यावरच्या काकांचे केस बायकोनं कापले, तेव्हापासून ते कॅमेरा बंद ठेवूनच मीटिंगला बसत. आणि जुईचे आबा, म्हणजे रंगांच्या कारखान्यातले निवृत्त रसायनशास्त्रज्ञ वसंत गद्रे, भर मे महिन्यात डोळ्यांपर्यंत ओढलेली कानटोपी घालून वावरत. "कानाला वारा लागतो," म्हणायचे. पंखा मात्र पाचवर!

"डोळ्यांवर येणारा प्रत्येक केस आधीच कापावा," दक्षनं सोसायटीच्या समितीचा नियम ऐकवला. "केस डोळ्यांवर आला की हात तिकडे जातो आणि हाताबरोबर रोग. तुमची पुढची बट कापून झाली. आता भुवया."

"भुवया?" जुई मागे सरकली. "परवा माझी भरतनाट्यमची ऑनलाइन परीक्षा आहे! त्यात भ्रूभेद (भुवयांच्या हालचालींनी भाव दाखवणं) आहेत. राग कशानं दाखवू, कानांनी?"

"अध्यक्षांना फोन लाव," आबा खुर्चीतून म्हणाले.

जुईनं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर अध्यक्षांचा चेहरा आला, सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा. त्यांच्या भुवया सकाळीच गेल्या होत्या. "नियम सगळ्यांना सारखा," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

"नियमात अपवाद करता येतो," दक्ष म्हणाला. "मात्र पुरावा हवा. माझा हिशोब सोपा आहे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. लोक भुवया करायला महिन्या-महिन्याला सलूनमध्ये जातात. म्हणजे भुवयाही वाढतच राहतात. आता सलून बंद आहेत. भुवया कुठे बंद आहेत?"

"अरे, लोक आकार द्यायला जातात! मी तर कधीच गेले नाही. मग माझ्या भुवया गुडघ्यापर्यंत का नाही आल्या?"

"झोपेत कुणी कापल्या नसतीलच, अशी नोंद माझ्याकडे नाही."

आबा खो खो हसले. "यंत्राच्या पोटात वकील बसलाय! ऐक दक्ष. केस टोकाला वाढत नाही, मुळाशी वाढतो. केशकूप (त्वचेतली बारीक खळगी, जिथं केस तयार होतो) नवा भाग बनवतो आणि जुन्याला वर ढकलतो. बाहेर दिसतो तो मेलेला भाग, म्हणून कापताना दुखत नाही."

"आणि थांबतो कधी?" जुईनं विचारलं.

"प्रत्येक केशकूपाला कामाची मुदत असते. तिला म्हणायचं वाढीचा काळ. डोक्यावर तो काही वर्षांचा, भुवईत एखाद-दोन महिन्यांचा. मुदत संपली की केस आहे तेवढाच राहतो, काही काळानं गळतो आणि त्याच जागी नवा केस पहिल्यापासून सुरू होतो."

"हे तुम्ही सांगितलंत," दक्ष म्हणाला. "दाखवलं नाहीत."

"दाखवायला खूण केलेले केस हवेत. बंदीच्या आधी कुणी डोकं आणि भुवया एकाच दिवशी रंगवल्या असतील तर…" आबा एकदम थांबले.

"पण असं डोकं आणायचं कुठून?" जुई म्हणाली. "तुम्हीच सगळ्यांना सांगता, 'माझे केस माक्याच्या तेलानं काळे!'"

दक्षच्या हातातलं मशीन घरघरू लागलं. जुईनं दोन्ही तळव्यांनी भुवया झाकल्या. आबांनी तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, शेजारी कुणी नाही ना याची खात्री केली आणि एका हिसक्यात कानटोपी काढली.

वर केस काळेभोर, मुळाशी रुंद पांढरा पट्टा!

"बंदीच्या आदल्याच दिवशी सलूनमध्ये डोकं आणि भुवया रंगवून आलो होतो," आबा पुटपुटले. "हसू नकोस. दक्ष, भिंग लाव."

"डोक्यावरचे बहुतेक केस खाली पांढरे, वर काळे," दक्षनं नोंदवलं. "नवा भाग मुळाशी आला. हे पटलं."

"आता भुवई. जुई, तू सांग."

जुई भिंगावर वाकली. "हा केस पूर्ण काळा. हा टोकापर्यंत पांढरा. दोन रंगांचे अगदी थोडे." तिनं उडीच मारली. "कळलं! काळ्याची वाढ रंग लावायच्या आधीच थांबली होती. दोन रंगांचे तेवढे तेव्हा वाढत होते. पांढऱ्याच्या जागचा जुना केस गळला आणि हा नंतर उगवला!"

"लांबी मोजली," दक्ष म्हणाला. "पांढरे केस काळ्यांच्या पुढे गेलेले नाहीत." मशीन बंद झालं. "भुवया अपवाद. इतर इमारतींतल्या यंत्रमानवांनाही कळवतो."

जुईनं आबांना मिठीच मारली. मग बोट रोखून म्हणाली, "पण हा एकच केस बघा, केवढा लांब!"

"वय झालं की एखादा केशकूप मुदत विसरतो. मुदत संपली हे त्याला कळतं कसं, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. तुझ्या पिढीसाठी ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बोडक्या डोक्यानं गॅलरीत आले. समोरच्या गॅलरीतल्या साठेआजी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला. "गद्रे, माझा पट्टा तुमच्यापेक्षा रुंद आहे हो!"

"म्हणजे तुमचे केस जास्त वेगानं वाढतात, नाहीतर तुम्ही रंग आबांच्या आधी लावलात," जुई कठड्यावरून ओरडली. "आजी, सलूनमध्ये शेवटच्या कधी गेला होतात? खरं सांगा हं, शास्त्राचा प्रश्न आहे!"