‘गप्प’चा शेवटचा वापरकर्ता
पत्रा कापायच्या कारखान्यातली कमांड मी लिहिली आहे. ऑपरेटर पत्रा लावतो, कमांड देतो, पातं पडतं. तिला ‘गप्प’ नावाचा पर्याय होता. तो दिला की कमांड काही विचारायची नाही. पात्याखाली हात आहे का, हेही तपासायची नाही. घाईच्या दिवसांत मीच केलेला आगाऊपणा. चार नंबरचं यंत्र चालवणाऱ्या मिस्त्रींचा हात खांद्यापासून गेला. रक्त छताला लागलं होतं. दवाखाना येण्याआधीच ते संपले.

“आजच्या आज काढ तो पर्याय,” सात नंबर चालवणारा माझा धाकटा भाऊ म्हणाला. “स्क्रिप्ट मोडतील म्हणून हात तोडत बसायचे का, ताई?”

पण प्रत्येकाच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे रोजच्या कामासाठी लिहून ठेवलेल्या आज्ञांमध्ये, ‘गप्प’ होता. एकदम काढला असता तर सगळी यंत्रं अर्ध्यात अडकली असती. म्हणून मी ‘शांत’ हा नवा पर्याय दिला. तो बडबडत नाही, पण हात तपासतो. जुना चालू ठेवला, फक्त वापरला की इशारा यायचा: हा पर्याय जाणार आहे. प्रत्येक इशाऱ्याची नोंद माझ्या लॅपटॉपवर. लोकांनी कुरकुर करत एकेक स्क्रिप्ट बदलली. महिन्याभरात एकच वापरकर्ता उरला.

यंत्र चार. रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. मिस्त्रींचा हात गेला तीच वेळ.

चार नंबर अपघातानंतर आठवड्यातच भंगारात गेलं होतं. तिथे आता जमिनीत बोल्टची भोकं होती आणि भिंतीवर कापलेली केबल. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कुठल्यातरी यंत्राला जुना क्रमांक चिकटला असेल, म्हणून सगळी पालथी घातली. काही सापडलं नाही.

“मग काढ की आता,” भाऊ म्हणाला.

“कुणीतरी वापरतंय अजून.”

“कोण?”

मी नोंदींची यादी पुन्हा वरून वाचायला घेतली.

शुक्रवारी सकाळी ‘गप्प’ काढून टाकला. दोन दहाला वरच्या खोलीत माझ्या लॅपटॉपवर ओळ आली: यंत्र चार, असा पर्याय नाही. लगेच पुन्हा तीच. पुन्हा. मिनिटभरात चाळीस वेळा. मग थांबलं.

मग खालून किंकाळी आली.

सात नंबर. भावाच्या स्क्रिप्टमध्ये ‘शांत’ होता, मी स्वतः वाचला होता. तरी पातं न तपासता पडलं होतं. त्याचा डावा पंजा पत्र्यापलीकडे पडला होता आणि बोटं अजून मिटत होती. मी त्याच्या मनगटावर पट्टा आवळला. रक्त थांबता थांबेना.

दवाखान्यातूनच मी ‘गप्प’ जसाच्या तसा परत घातला. लाज वाटली. भीती त्याहून जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या खाटेशी लॅपटॉप मांडीवर घेऊन, बोटं कळफलकावर ठेवून बसले होते. तो गाढ झोपला होता. दोन दहा झाले.

त्याने उरलेल्या हाताने माझं मनगट धरून हिसडलं.

“ताई, हात काढ!”

लॅपटॉप फरशीवर आपटला. मी वाकून पाहिलं. इशारा आला होता.

यंत्राच्या रकान्यात चार नव्हता. माझ्या लॅपटॉपचं नाव होतं.