परत म्हणणाऱ्याची घंटा

भर समुद्रातल्या मोडक्या दीपस्तंभापर्यंत पायी जायचं, त्याच्या भिंतीवर खिळ्याने चार नावं कोरायची आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं, एवढाच मोहिमेचा हेतू होता. ओहोटीला समुद्र दोन किलोमीटर मागे सरकतो आणि स्तंभापर्यंत ओल्या वाळूची वाट उघडी पडते. त्या भिंतीवर कप्तानाच्या थोरल्या भावाचं नाव होतं म्हणे. कप्तान सोळा वर्षांचा होता आणि थोरला भाऊ हे त्याचं जुनं दुखणं होतं.

मोहिमेत चौघं. कप्तान, सगळ्यांचं खाणं पाठीवर वाहणारा आणि वाटेत ते हलकं करत जाणारा ढोल, चिखलातही कपड्यांची घडी मोडू न देणारी इस्त्री, आणि खडू. खडूचे बाबा धक्क्यावरच्या फळ्यावर रोज भरती-ओहोटीच्या वेळा लिहीत, म्हणून ती खडू. टोळीत येऊन तिला तीन आठवडे झाले होते. त्याआधी वर्षभर तिने मधल्या सुट्टीत शाळेच्या जिन्याखाली एकटीने डबा खाल्ला होता. तिथली पाल तिला ओळखू लागली होती.

टोळीचा कायदा एकच. जो पहिल्यांदा ‘परत’ म्हणेल, त्याच्या गळ्यात शेळीची पितळी घंटा. थेट सहामाही संपेपर्यंत! मागे पाण्याच्या टाकीवर चढताना एकजण ‘परत’ म्हणाला होता. पुढच्याच महिन्यात त्याने शाळा बदलली. वडिलांची बदली झाली, असं तो सांगे. वडिलांचं दुकान मात्र अजून चौकातच होतं.

कप्तान फळ्यापाशी थांबला. “सर्वात कमी पाणी, पावणेअकरा. आणि आता वाजले किती? पावणेअकरा! याला म्हणतात नियोजन. चला!”

खडूने फळा पुन्हा वाचला. पावणेअकराला निघायचं नसतं. पावणेअकराला परत फिरायचं असतं! त्यानंतर पाणी चढू लागतं. बाबा म्हणत, “पाणी कुणाला विचारून येत नाही, पण सांगून येतं. म्हणून तर फळा आहे.”

“कप्तान, ते वेळेचं जरा...”

“काय?” ढोलच्या हातात घंटा किणकिणली.

“काही नाही. म्हटलं, अगदी वेळेवर निघालो.”

वाळूवर लाटांच्या सुरकुत्या होत्या, त्यांत ऊन साचलं होतं, खेकडे चौघांना बघून बिळांत शिरत होते आणि दर शंभर पावलांवर पाणी मोजायचा एकेक खांब उभा होता. त्यांवरचे तांबडे-पांढरे पट्टे बाबांनीच रंगवलेले. खडू खांब मोजत चालली. चौदा, पंधरा, सोळा...

“पाणी जरा जवळ आल्यासारखं वाटतंय का रे?” ढोल म्हणाला.

“घालू का ती घंटा गळ्यात?” कप्तानाने विचारलं.

“छे छे! मी आपलं निसर्गसौंदर्य बघत होतो.”

“बूट भिजले तर वाया जातील,” इस्त्री म्हणाली. “मला काही फरक पडत नाही. पण जातील.”

स्तंभ दोनशे पावलांवर आला. भिंतीवरच्या ओरखड्यांत अक्षरं दिसू लागली! तेवढ्यात खडूने मागे पाहिलं. किनाऱ्यालगत एक रुपेरी रेघ चमकत होती. समुद्र समोरून येतो, असं सगळ्यांना वाटतं. इथे तो मागून येई. किनाऱ्याजवळची घळ, म्हणजे वाळूतला खोलगट पट्टा, आधी भरे. आणि बाजूने धुक्याची भिंत सरकत येत होती.

जिना आठवला. पाल आठवली. मग घळ आठवली.

“परत!” ती ओरडली.

कप्तान थबकला. “एवढ्या जवळ येऊन? खडू, विचार कर. घंटा...”

“आण इकडे!” तिने ढोलच्या हातातून घंटा हिसकावली आणि स्वतःच गळ्यात घातली. “मागची घळ भरतेय. आत्ता गुडघाभर असेल, थोड्या वेळाने डोक्यावरून जाईल. फिरा!”

आणि मग तिने जन्मात पाहिली नव्हती अशी चपळाई पाहिली. तिचं वाक्य संपायच्या आत ढोल वळला होता. इस्त्री तर दहा पावलं पुढे होती! अर्धा तास दोघंही एकाच शब्दाची वाट बघत होती. फक्त तो दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवा होता.

“पण भाऊ...” कप्तान स्तंभाकडे बघत होता.

“भाऊ येणारे का पोहत, तुला न्यायला?”

कप्तान वळला.

धुकं आलं. किनारा पुसला गेला. “घंटेमागून या! बोलू नका, ऐका!” खडू एका खांबावरून पुढच्या खांबाकडे धावत सुटली. टण् टण् टण्! पाणी घोट्याला. मग गुडघ्याला. मग घळ! कमरेइतकं पाणी, आणि ओढ अशी की पाय ठरेना. ढोलची पिशवी सुटली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने खाण्याकडे वळून पाहिलं नाही. इस्त्रीने एक हात खांबाला घातला, दुसऱ्याने ढोलची कॉलर धरली.

“कप्तान कुठाय?”

मागे नुसतं धुकं.

खडूने खांबाला मिठी मारली आणि घंटा गदागदा हलवली. टण् टण् टण् टण्! पाणी छातीला लागलं. अजून वाजवली.

“वाजव!” दुरून आवाज आला, तोही समुद्राच्या बाजूने! “थांबू नकोस, वाजवत राहा!”

पाण्यातून एक हात वर आला. तिघांनी तो धरला आणि ओढला.

धक्क्यावर बाबा फळ्यापाशी उभे होते. त्यांनी चार निथळती माणसं पाहिली, लेकीच्या गळ्यातली घंटा पाहिली. मग आधी तिला घट्ट जवळ घेतलं, आणि नंतर फळ्यावरचा खडू उचलून ‘पावणेअकरा’च्या खाली ठळक लिहिलं: ‘ही परत फिरायची वेळ आहे.’

सोमवारी खडू घंटा घालून शाळेत गेली. मधल्या सुट्टीत कप्तान घुटमळत आला.

“पुढच्या मोहिमेला ती घंटा... माझ्याकडे दिलीस तर?”

“सहामाही संपेपर्यंत माझी. कायदा म्हणजे कायदा.”

“एक दिवस तरी?”

“ढोलने नंबर लावलाय. त्याच्यानंतर इस्त्री.”

चौघं डबा खायला जिन्याखाली बसली. घंटेच्या आवाजाला कंटाळून पालीने मात्र त्याच दिवशी जागा सोडली.