पाचशेवीसचा काठ

हसून घ्या आधी. सुपडूमामा भुताची गोष्ट सांगतोय म्हटल्यावर कोण हसणार नाही? सुरतेच्या कतारगामात कुणाची चप्पल गायब झाली तरी माझंच नाव निघतं, आणि बहुतेकदा ते खरंही असतं. पण त्या दुपारचा आळ मी मरेपर्यंत घेणार नाही!

हे सत्त्याण्णव साल लागलं तेव्हाची गोष्ट. माझी भाची सोनाली भाईदास शेठच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढते. आमच्या खानदेशी गोतावळ्यात लूमच्या खडखडाटाबाहेर बसून काम करणारी ती पहिलीच. डबा विसरली, म्हणून मी भाकरी-ठेचा घेऊन गेलो. कारखान्यांना रजा होती, ऑफिस तेवढं चालू. सगळे लूम गप्प. सुरतेत एवढी शांतता बरी नाही वाटत. जिन्यावर आपलीच पावलं दुसऱ्या कुणाची वाटतात.

वर पोरगी रडकुंडीला आलेली. शेठनं कुठल्याशा बंद पडलेल्या मिलमधून जुनी हार्ड डिस्क उचलून आणली होती, विटेसारखी जड. कॉम्प्युटर तिला घेईना.

"मामा, हिचा एकेक सेक्टर पाचशेवीस बाइटचा आहे. आपल्याला पाचशेबाराचा लागतो. शेठ म्हणाले, आज चालू झाली नाही तर उद्यापासून खाली लूमवर धागे जोड."

"सेक्टर म्हणजे काय गं बाई?"

"खण समजा. डिस्कभर नुसते खणच खण."

"मग कापडाचा पन्हा जास्त झालाय. काठ कापून टाक!"

ती हसली. "तेच करायचंय. पण आतलं सगळं पुसलं जाईल. त्या मिलमधल्या चिंधाबाबांचं. जन्मभर साड्यांचे काठच काढले म्हणे त्यांनी. ही डिस्क ज्या मशीनमध्ये होती, त्याच्यापुढेच गेले."

माझं डोकं फिरलं. मेलेल्या माणसाची अख्खी हयात भंगारासारखी उचलायची, आणि पुसायला लावायची कुणाला, तर पोरीला! मी भाकरीचा मोठा घास कोंबला, नाहीतर शिवी निघाली असती.

तिनं बटण दाबलं.

डिस्क आधी गुरगुरली. मग आवाज बदलला. खट्... खट्... मागावर कुणी धोटा फेकतंय तसा. खोलीत खळीचा ओला, आंबूस वास पसरला. आणि कुणीतरी खोकललं.

"मामा, नका ना..."

"अगं, माझ्या तोंडात भाकरी आहे!"

खोकला डिस्कमधून येत होता.

"बंद कर ते..."

"मध्येच बंद केली तर डिस्क कायमची जाईल मामा... आणि मी लूमवर."

किती वेळ तसे बसलो, देव जाणे. शेवटी पडद्यावर ओळ उमटली: पाचशेबारा. काम झालं. आणि सोनालीच्या खुर्चीमागून, अगदी तिच्या कानाशी, म्हातारा आवाज आला...

"माझा काठ... कुठंय?"

दारात भाईदास शेठ. त्यानंही ऐकलं. पण भडकला कुणावर?

"सुपडूकाका, आ शूं नाटक छे? छोकरीनी नोकरी जशे, हं!"

"शेठ, आवाजच काढायचा असता तर तुझ्या बापाचा काढला असता!"

शेठनं संतापून वायर उपटली. पडदा काळा झाला. डिस्क फिरतच राहिली. खट्... खट्... वायर त्याच्या हातात लोंबतेय, आणि तो माझ्याकडे बघतोय!

सोनालीनं हात डिस्कवर ठेवला. "बाबा... देईन मी काठ."

डिस्क थांबली.

पोरीची नोकरी राहिली. राहणारच! ती जवळ नसली की डिस्क खोकते, आणि शेठ त्या खोलीत पाऊल टाकत नाही. वर मलाच बजावतो, असली मस्करी परत नको. माझी मस्करी!

ती रोज घरी येते तेव्हा ओढणीचा काठ बोटभर कमी झालेला असतो. कापलेला नाही, उसवलेला नाही. तिथं कापड कधी विणलंच नव्हतं, असं संपतं.

आज सोनाली ओढणी घरीच ठेवून गेली होती. आल्यापासून डावा हात उजव्या मुठीत धरून बसलीय... दाखवत नाही.